पंडिता रमाबाई : मुखातली विद्या आणि हातातली विद्या

ग्रीष्म ऋतू लागला म्हणजे आमच्या मुलचेऱ्याच्या रानात लहानथोर सर्व माणसे पहाटेच घराबाहेर पडतात. चैत्रात मोहाची फुले वेचावयाची आणि वैशाखात तेंदूची पाने तोडावयाची, हा ह्या प्रदेशाचा जुना क्रम आहे. आठ-दहा वर्षांचे पोर आईशेजारी बसून पाने जुळविते, सत्तर पानांचा पुडा बांधते आणि सायंकाळी फळीवर मोजून देते. पुड्यात पाने कमी पडली तर त्याच्या बोटांसच ते कळते. हेच पोर पावसाळ्यात शाळेत जाऊन बसले आणि गुरुजींनी फळ्यावर सत्तराची बेरीज घातली म्हणजे मुके होते. मग कोणी म्हणतो की रानातल्या लेकरास विद्या येत नाही. आणि दुसरा कोणी, बहुधा त्या लेकराचा बापच, म्हणतो की ह्या विद्येने पोट भरत नाही, तर तिच्यामागे दिवस कशाला दवडावे? ही दोन्ही बोलणी आमच्या मंडळ्यांत आम्ही पुष्कळ वेळा ऐकिली आहेत. त्यांचा विचार करिताना आम्हांला पंडिता रमाबाईंच्या चरित्राची आठवण झाली. बाईंचे नाव महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांत सर्वश्रुत आहे. परंतु त्या स्वतः विद्या कशा शिकल्या, आणि कोणत्या विद्येवाचून त्यांच्या घराची वाताहत झाली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ते आम्ही आज सांगतो.

रमाबाईंचा जन्म ता. 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळ ह्या रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांनीही संस्कृत शिकावे असे त्यांचे मत असल्यामुळे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली. ह्यावरून लोकांचा रोष झाला, तेव्हा ते रानात जाऊन राहिले आणि तेथे आश्रम करून विद्यार्थ्यांस शिकवू लागले. पुढे पैसा संपला, कर्ज झाले आणि सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. रमाबाई तेव्हा अगदी तान्ह्या होत्या. वडील वृद्ध झालेले असल्यामुळे मुलीस शिकविण्याचे काम आईने अंगावर घेतले. घरकामास हात लागण्यापूर्वी, पहाटेच्या वेळी, ती मुलीस उठवी आणि श्लोक म्हणवून घेई. पुस्तकापेक्षा कानावर आणि जिभेवर ही विद्या चालली. अशा रीतीने रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. देवळांत व घाटांवर बसून पुराण सांगावे आणि लोक जे देतील त्यावर निर्वाह करावा, हा त्या कुटुंबाचा उद्योग होता.

रमाबाईंचे वय सोळा वर्षांच्या आसपास असताना मद्रास इलाख्यात मोठा दुष्काळ पडला. पुराण ऐकणारेच अन्नास महाग झाले, तेव्हा सांगणाऱ्यास कोण देणार? जवळ होते नव्हते ते दागिने, वस्त्रे आणि पितळेची भांडी विकून झाली. ह्या घरात विद्येचा साठा एवढा होता की मोठमोठ्या शास्त्र्यांनी थक्क व्हावे. परंतु मजुरी करावी तर कुळाचा अभिमान आड येई, भीक मागावी तर लाज आड येई, आणि प्रामाणिक कष्टाने चार पैसे मिळवावे असा एकही धंदा कोणास येत नव्हता. शेवटचा दाणा संपल्यावर हे कुटुंब तिरुपतीजवळच्या रानात मरण्याच्या तयारीने गेले. अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर ह्यांवर त्यांनी काढल्या.

वाचकहो, ह्या ठिकाणी आम्ही क्षणभर थांबतो. रानात राहणाऱ्या आपणांस ह्या प्रसंगाचा अर्थ इतरांपेक्षा अधिक समजेल. कोणता कंद खणावा, कोणते फळ खावे, कोणत्या पाल्याची भाजी होते, हे आमच्याकडील माडिया आईच्या लेकरास पाठ द्यावे लागत नाही. ते आईच्या मागोमाग चालून शिकते. दुष्काळात रानही आटते, हे खरे. तथापि त्या पंडितांच्या कुटुंबास रान म्हणजे केवळ मरण्याची जागा वाटली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वडिलांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला होता. तेव्हा थोरले बंधू श्रीनिवास ह्यांनी सांगितले की, आपण कुळाचा अभिमान सोडून पडेल ते काम करू व आईबापांस पोसू. परंतु हा शहाणपणा फार उशिरा आला. वडील थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्यामागून आईही अंथरुणास खिळली. रमाबाई शेजारच्या एका बाईच्या दारी मोठ्या संकोचाने गेल्या व त्यांनी बाजरीची जाडी भाकर मागून आणिली. पण ती भाकर घशाखाली उतरण्याची शक्ती आईच्या अंगात उरली नव्हती. आईस स्मशानात नेण्यास पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत, म्हणून भाऊ व बहीण ह्यांनाच खांदा द्यावा लागला. रमाबाईंची उंची कमी, त्यामुळे त्यांच्या वाट्याचे ओझे त्यांना डोक्यावर घ्यावे लागले. मोठी बहीणही पुढे वारली. ह्या मृत्यूंनी रमाबाईंना जे शिकविले ते कोणत्याही पोथीत नव्हते. मुखात विद्या असून हातात कसब नसेल तर माणूस किती लाचार होतो, हे त्यांनी आपल्या घरातच पाहिले, आणि तो धडा त्या जन्मभर विसरल्या नाहीत.

ह्यानंतर भाऊ व बहीण हिंदुस्थानभर पायी फिरली. उत्तरेत झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाऊ लागला तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढिली. ही पायपीट म्हणजेच रमाबाईंची दुसरी शाळा होय. गावोगावच्या भाषा त्यांच्या कानी पडल्या, तीर्थांच्या ठिकाणी विधवांचे हाल त्यांच्या दृष्टीस पडले, आणि ग्रंथांत लिहिलेले व प्रत्यक्ष चाललेले ह्यांची तुलना करण्याची सवय त्यांच्या मनास लागली. सन 1878 मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. आमच्या मुलचेऱ्याच्या भागात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित बांधवांची गावे आहेत. त्यांना हे सांगण्यास आम्हांला आनंद वाटतो की, महाराष्ट्राच्या ह्या कन्येचा पहिला सन्मान बंगाल्यांनी केला, आणि तिने बंगालचीच सून होणे पत्करिले. बंधू श्रीनिवास सन 1880 मध्ये ढाक्यास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी ह्या दुसऱ्या जातीच्या वकिलांशी विवाह केला. त्यांना मनोरमा ही कन्या झाली; परंतु सन 1882 च्या फेब्रुवारीत पटकीच्या आजाराने पतीचे निधन झाले, आणि चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. मुलींस शिकविण्यास स्त्री-शिक्षिका तयार कराव्या आणि स्त्रियांकरिता स्त्री-डॉक्टर असाव्या, असे त्यांनी तेथे मागितले. स्वतः वैद्यक शिकण्याच्या हेतूने त्या सन 1883 मध्ये इंग्लंडास गेल्या. परंतु कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो हेतू सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्या भगिनींनी लंडनातील फुलहॅम येथे चालविलेले एक काम त्यांनी पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या पतित स्त्रियांस तेथे प्रेमाने वागवून नव्या जीवनास लावीत असत. असे काम आपल्या देशात त्यांनी कोठे पाहिले नव्हते. ज्या प्रभूच्या नावाने हे चालते तो कोण, ह्याचा शोध त्या करू लागल्या, आणि ता. 29 सप्टेंबर 1883 रोजी कन्येसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. वादविवादात पंडितांस जिंकणारी ही बाई वादाने ख्रिस्ताकडे आली नाही. प्रेमाचे काम डोळ्यांनी पाहून आली, ही गोष्ट आमच्या उपदेशकांनी ध्यानात ठेवावी.

सन 1886 मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथे डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांना ता. 11 मार्च रोजी वैद्यकाची पदवी मिळाली, त्या समारंभास त्या हजर होत्या. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या, आणि त्याच शहरात त्यांनी शिक्षिकांच्या वर्गात बसून किंडरगार्टनची पद्धती शिकून घेतली.

ही पद्धती काय आहे ते थोडक्यात सांगतो. जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल (1782–1852) हे तिचे जनक. हे गृहस्थ पंधराव्या वर्षी एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करीत होते. म्हणजे त्यांचाही पहिला अभ्यास झाडांच्या सोबतीने झाला. सन 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी लहान मुलांसाठी शाळा काढिली व पुढे तिला मुलांची बाग असे नाव दिले. लेकराने आधी लोकरीचा चेंडू, लाकडाचा ठोकळा, काड्या, माती आणि कागद हातांत घ्यावे, रचावे, मोडावे, घड्या घालाव्या, रोप लावून ते वाढताना पाहावे; आकार, संख्या व नाव ही त्यातूनच त्याच्या मनात उतरावी, आणि अक्षर त्यानंतर यावे, असा त्यांचा क्रम होता. हजारो श्लोक मुखाने शिकलेल्या पंडितेने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी काड्या व ठोकळे घेऊन पुन्हा शिशुवर्गापासून आरंभ करावा, हे पाहून कोणास हसू येईल. परंतु आपल्या घरात कशाची उणीव होती हे त्यांना पक्के ठाऊक होते. ह्या पद्धतीवर मराठीत मुलांची पुस्तके करण्याचा उद्योगही त्यांनी तेथेच आरंभिला.

हिंदू विधवांच्या शाळेस दहा वर्षे मदत देण्याचे अमेरिकेतील मित्रमंडळाने कबूल केल्यावर त्या स्वदेशी परतल्या, आणि ता. 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू ह्या बालविधवा होत्या. सन 1893 मध्ये त्यांचा विवाह प्रो. धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी झाला आणि पुढे त्या आनंदीबाई कर्वे ह्या नावाने प्रसिद्धीस आल्या. सन 1890 मध्ये शारदासदन पुण्यास आले. तेथे मुलींवर ख्रिस्ती धर्माचा परिणाम होतो असा बोभाटा झाला, सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी सन 1893 मध्ये आपले अंग काढून घेतले, आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. त्या गृहस्थांची बाजू अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणत नाही; शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा त्यांचा समज होता. बाईंचे म्हणणे असे की, त्या कोणास बोलावीत नव्हत्या, पण आपल्या प्रार्थनेचे दार कोणास बंदही करीत नव्हत्या. ते काही असो, ज्या घरास वर्गणीदारांचा व लोकमताचाच आधार आहे ते घर एका दिवसात रिकामे होऊ शकते, हे रमाबाई ह्यातून शिकल्या. अमेरिकेची दहा वर्षांची मुदतही संपत येणार होती. म्हणून त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणविल्या आणि फळझाडे लाविली.

ती बाग पुरती फळास येण्यापूर्वीच देवाने तेथे दुसरे पीक पाठविले. सन 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आमचा चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात मोडत असे. ही वार्ता ऐकताच रमाबाईंना तिरुपतीचे रान आठवले असेल ह्यात संशय नाही. हाती पैसा नसताना त्या तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांत आणि झाडांखाली बसलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांनी गोळा केल्या आणि सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा आणिल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांस शहरात ठेविता येईना, म्हणून केडगावच्या शेतात झोपड्या उभारून त्यांची सोय केली. तेच मुक्तिसदन होय.

आता खरी कसोटी आली. ह्या मुली मराठी जाणत नव्हत्या. त्या भुकेने पिसाट झालेल्या होत्या, घास हिसकावून घेत, लपवून ठेवीत, शिवीगाळ करीत. पुस्तक कशाशी खातात हे त्यांस माहीत नव्हते. अशा मुली शिकणार नाहीत असे म्हणून हात झटकणे सोपे होते. रमाबाईंनी शारदासदनातील जुन्या विद्यार्थिनींस पुढे बोलाविले आणि नव्या मुलींच्या लहान लहान तुकड्या त्यांच्या स्वाधीन केल्या. काल जी शिकत होती ती आज शिकवू लागली. आधी स्नान, वेणी, स्वच्छ कपडा आणि दोन वेळचे अन्न. मग झाडणे, दळणे, स्वयंपाक, शिवण. आणि त्याचबरोबर अक्षरओळख व प्रार्थना. सन 1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडूनही मुली आल्या, आणि मुक्तीची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

एवढ्या माणसांचे गाव चालवावयाचे म्हणजे प्रत्येकीच्या हातास काम हवे. मुक्तीत शेती व गाईगुरे होती, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, शिवण व धुलाई चाले आणि छापखानाही होता. अंध मुलींस ब्रेल लिपीने वाचावयास आणि हातांनी टोपल्या विणावयास शिकवीत. जिला पुस्तकात गती तिला शिक्षिकेचे काम, जिला मागावर गती तिला माग. परंतु मागावर बसणारीसही वाचता आले पाहिजे आणि शिक्षिकेसही झाडू धरता आला पाहिजे. कोणतेही प्रामाणिक काम हलके नाही, ही गोष्ट तेथे फळ्यावर लिहून शिकविली गेली नाही; मुली ती रोजच्या रोज करून शिकल्या. ज्या बाईच्या आईबापांस कामाची लाज जिवावर बेतली, तिने आपल्या हजारो लेकींस त्या लाजेपासून मुक्त केले. सन 1905 मध्ये तेथे प्रार्थनेचे मोठे जागरण झाले हे आमच्या वाचकांस माहीत आहेच. परंतु ज्या मुली रात्री प्रार्थना करीत त्याच दिवसा शेतात व मागावर राबत होत्या, हेही त्यासोबत सांगितले पाहिजे.

शेवटच्या वर्षांत बाईंनी जे काम हाती घेतले त्यात मुखातली विद्या आणि हातातली विद्या ह्यांचा मिलाफ झालेला दिसतो. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईसही समजेल अशा सोप्या मराठीत सर्व पवित्र शास्त्राचे भाषांतर करावे, असे त्यांनी योजिले, आणि त्यासाठी उतारवयात इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला. संस्कृतच्या पंडितेने संस्कृतप्रचुर भाषा बाजूस ठेवून घरातली, चुलीजवळची मराठी निवडली. अक्षरे जुळविणे, छापणे व बांधणी ही कामे मुक्तीतील मुलींनी व बायांनी केली. ज्यांना एकेकाळी दुष्काळाने झाडाखाली टाकिले होते, त्यांतील कित्येकींच्या बोटांनी शास्त्राची अक्षरे खिळ्यांवर खिळे लावून उभी राहिली. सन 1921 मध्ये कन्या मनोरमाबाई वारल्या. त्या दुःखातही रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम सोडिले नाही. ते पुरे केल्यावर ता. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूजवळ गेल्या. छापलेले शास्त्र सन 1924 मध्ये बाहेर पडले. केडगावचे मुक्ती मिशन आजही उभे आहे.

आता आमच्या मुलचेऱ्याच्या लेकराकडे वळतो. ते मुके नाही. सत्तर पाने मोजणाऱ्या बोटांत गणित आहे. ते बोटांतून पाटीवर कसे आणावे हे शिकविणाऱ्यानेच शोधून काढावयाचे आहे. घरात गोंडी, माडिया किंवा बंगाली बोलणारे पोर वर्गातली मराठी ऐकून गप्प बसले, तर मध्य प्रांतातून केडगावास आलेल्या मुलीही अशाच गप्प बसल्या होत्या, हे आठवावे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी पुढच्या रविवारी वर्गात तेंदूची पाने, मोहाची फुले, बांबूच्या काड्या न्याव्या. लेकरांच्या हातांत द्याव्या. आधी मोजू द्याव्या, रचू द्याव्या, त्यांच्या बोलीत नावे सांगू द्यावी, आणि मग फळ्याकडे वळावे. ह्यास पैसा लागत नाही.

आणि जो बाप म्हणतो की विद्येने पोट भरत नाही, त्यास आमची विनंती अशी. रमाबाईंच्या घराची कथा अर्धीच ऐकून तुम्ही पोरास शाळेतून काढू नका. केवळ मुखातल्या विद्येने ते घर उपाशी मेले, हे खरे. परंतु ज्या उपाशी मुली केडगावास आल्या, त्यांच्याजवळ तर तीही विद्या नव्हती, आणि त्याही उपाशीच मरत होत्या. रमाबाईंनी त्यांच्या एका हातात मागाचा धोटा दिला आणि दुसऱ्या हातात पुस्तक दिले. एक देऊन दुसरे काढून घेतले नाही. तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा असतो. त्या दिवसांत पोर रानात आले तर त्यास मोजावयास लावा, हिशेब विचारा, फळीवरच्या मुनशीने लिहिलेला आकडा त्याच्याकडून वाचून घ्या. शाळा उघडेल त्या दिवशी मात्र त्यास तेथे पोहोचवा. ज्यास पाने मोजता येतात आणि लिहिलेला आकडाही वाचता येतो, त्यास फळीवर सहसा कोणी फसवू शकत नाही.

आमचा प्रभू नासरेथात सुताराच्या घरी वाढला आणि मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्नही विचारीत असे. करवत आणि शास्त्र ह्यांचे त्या घरी वैर नव्हते. आमच्या घरीही ते नसावे, अशी आम्ही प्रार्थना करितो.